डब्यांची कूलर-बॅग घरी ठेव

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा ऑगस्टमध्ये कॉलेजच्या डॉर्ममध्ये राहायला गेला. पत्रात प्रश्न चार आहेत, पण मला त्यातला एकच दिसतो.

"ताई, तिथलं जेवण त्याच्या घशाखाली उतरत नाही. मी दर शनिवारी दीड तास गाडी हाणत जाते आणि आठवड्याचे दहा डबे देऊन येते. मील प्लॅनचे आठवड्याला चौदा स्वाइप, म्हणजे कार्डावरची चौदा जेवणं, मिळतात, त्यातले चार-पाचच तो वापरतो. परवा गेले तर मागचे सहा डबे फ्रिजमध्ये तसेच! रूममेट वासावरून काही बोलला असेल का?"

अगं, रूममेटला कशाला मध्ये आणतेस? ते सहा डबे काय सांगतायत ते ऐक.

पैशाचं आधी उरकते. पुण्याला हॉस्टेलवर असताना आपण मेसमध्ये खाडा सांगायचो, आठवतंय? आदल्या दिवशी सांगितलं की महिन्याच्या बिलातून तेवढे पैसे वजा. इथे खाडा नाही. डॉर्ममध्ये राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोरांना मील प्लॅन बहुतेक ठिकाणी सक्तीचाच असतो, आणि आठवड्याच्या प्लॅनमधले उरलेले स्वाइप आठवडा संपला की बाद. म्हणजे तुझ्या प्रत्येक डब्यामागे एक जेवण तू आधीच विकत घेऊन फेकलेलं असतं. वर पेट्रोल, टोल आणि तुझा शनिवार.

पण पैसे गेले तर गेले. माझं दुखणं वेगळं आहे. घरचे म्हणतात, कुठलाही प्रश्न आला तरी ही तो जेवणाच्या टेबलावर आणून ठेवते. ठेवते, खुशाल! पहिल्या सेमिस्टरला संध्याकाळी सहाच्या सुमारास कुणीतरी दारावर टकटक करतं. "जेवायला येतोस?" तुझा मुलगा म्हणतो, माझ्याकडे घरचं आहे. दुसऱ्या दिवशीही विचारतात. तिसऱ्या दिवशी ती पोरं त्याच्या दारावरून पुढे जातात. मग हा पलंगावर मांडी घालून, लॅपटॉप समोर ठेवून, मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेली चिवट पोळी खातो. तू म्हणतेस डबा पोचला. मी म्हणते, पोराची पंगत चुकली.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, फजितीने सांगते. थोरला पहिल्या वर्षाला असताना ऑक्टोबरात मी त्याच्या खोलीवर गेले ती छोटी इलेक्ट्रिक कढई घेऊन. वरण घरून नेलं होतं, म्हटलं फोडणी तेवढी ताजी देऊ. राइस कुकर, हॉट प्लेट, उदबत्ती, मेणबत्ती यातलं काहीही खोलीत चालत नाही, हे त्या नियमांच्या कागदावर ठळक छापलं होतं. वाचतंय कोण? मोहरी तडतडली, मिरची पडली, धूर झाला आणि छतावरचा अलार्म कोकलायला लागला. चार मजले रिकामे. एक पोरगी डोक्याला शाम्पूचा फेस तसाच ठेवून, टॉवेल गुंडाळून लॉनवर कुडकुडत उभी. अग्निशमन दलाची गाडी आली. वीस वर्षांची आरए, म्हणजे मजल्याची देखरेख करणारी विद्यार्थिनी, माझ्याशी इतक्या अदबीने बोलली की त्यापेक्षा ओरडली असती तर बरं. कढई जप्त झाली, ती मे महिन्यात परत मिळाली.

थोरला आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. पण त्याच रात्री मजल्यावरची पोरं त्याला 'मस्टर्ड सीड' म्हणत ओढून डायनिंग हॉलला घेऊन गेली. तोवर दीड महिना तो माझे डबे खात एकटा बसला होता, हे मला वर्षभराने कळलं.

"घशाखाली उतरत नाही" म्हणजे काय? त्याने तिथे जाऊन पिझ्झाची रांग बघितली आणि परत आला, एवढंच असणार. आधी रिकाम्या हाताने अख्ख्या हॉलला एक फेरी मारायला सांग. चणे, बीन्स, भात, दही, ऑम्लेट, सॅलड बार, सगळं वेगवेगळ्या कोपऱ्यांत असतं. शाकाहारी असेल तर पाट्या वाचायची सवय हवी: सूपला चिकनचं पाणी असू शकतं, रिफ्राइड बीन्समध्ये डुकराची चरबी, मार्शमेलोत जिलेटिन, सीझर ड्रेसिंगमध्ये मासे. शंका आली की काउंटरपलीकडच्या माणसाला सरळ विचारायचं. पुष्कळ कॅम्पसवर आहारतज्ज्ञही असतात, त्यांना ईमेल करायची. मागणी केली की बदल होतो, बरं का. टेक्ससमध्ये, म्हणजे बीफ ब्रिस्केटच्या मुलखात, डेंटनच्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्ससने २०११ मध्येच एक अख्खा डायनिंग हॉल व्हीगन केला.

चव नसते, हे मात्र मान्य. माझी धाकटी सॅलड बारवरचे चणे, काकडी, कांदा दह्यात कालवायची आणि खिशातून मेतकुटाची डबी काढायची. तेव्हा पाठवायचंच असेल तर दोन बरण्या पाठव: मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी. दोन्ही कोरड्या, फ्रिज नको, आणि खिशातून टेबलापर्यंत जातात. डबा खोलीबाहेर पडत नाही.

तुझे बाकीचे प्रश्न. मजल्यावर मुली पण राहतात: राहू देत, त्या आपापल्या अभ्यासात आहेत. रूममेट दोनपर्यंत दिवा लावतो: तुझ्या मुलाने त्याच्याशी बोलायचं, नाही जमलं तर आरएशी, तू फोन करायचा नाहीस. "फी आम्ही भरतो आणि मार्क आम्हाला दिसत नाहीत": हो, १९७४ सालापासून तसा कायदाच आहे, फेर्पा म्हणतात. मुलाने संमती दिली तर दिसतील. त्याला विचार.

या शनिवारी जाऊच नको म्हटलं तर तू ऐकणार नाहीस. जा, पण रिकाम्या हाताने. त्याच्या प्लॅनवर पाहुण्यांचे स्वाइप असतील तर त्याला म्हणावं, आज तू मला जेवायला घाल. नसतील तर दारात पैसे भरून आत जा. तो नेईल तिथे बस, तो वाढेल ते खा, आणि "यात मीठ नाही" असं निदान पहिल्या दहा मिनिटांत म्हणू नकोस. जेवण झाल्यावर ताट टेबलावर सोडून उठू नकोस, तिथे ते स्वतः नेऊन सरकत्या पट्ट्यावर ठेवायचं असतं. मी पहिल्यांदा सोडून उठले होते, आणि थोरल्याने काही न बोलता माझं ताट उचललं होतं.