वाचक विचारतात : ठरलेलं लग्न थांबवायचं कसं आणि सुटलेली शाळा जोडायची कशी

ऊसतोडीचा हंगाम आणि लग्नसराई जवळ आली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या वेळची बहुतेक पत्रं अठराच्या आतल्या मुलांबद्दलची आहेत. त्यातली पाच इथे घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : माझ्या वर्गातल्या नववीतल्या मुलीचं लग्न येत्या रविवारी ठरलं आहे. घरचे आधार कार्ड दाखवून ‘तिला अठरा पूर्ण झाली’ म्हणतात. मी तक्रार केली तर गावात राहणं अवघड होईल. काय करू? – एक शिक्षिका, बीड जिल्हा

आधी 1098 वर फोन करा. ही चाइल्डलाइन मोफत आहे आणि चोवीस तास चालू असते. लग्न आज-उद्यावर आलं असेल तर 112 वरही कळवा. स्वतःचं नाव सांगण्याची सक्ती नाही. मात्र मुलीची माहिती नेमकी द्या : नाव, इयत्ता, आईवडिलांची नावं, गाव आणि वस्ती, लग्नाची तारीख, वेळ, जागा. पत्रिकेचा फोटो मिळाला तर उत्तम. ‘अमुक गावात बालविवाह होणार आहे’ एवढंच सांगितलं, तर पथक गावात पोचेपर्यंत मंडप दुसरीकडे हललेला असतो.

वयाच्या पुराव्याची चावी तुमच्याच शाळेत आहे. आधारवरची तारीख हा जन्माचा पुरावा नव्हे. वय ठरवताना आधारपेक्षा शाळेच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरावी, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2024 साली एका प्रकरणात म्हटलं. मुख्याध्यापकांकडून जनरल रजिस्टरचा उतारा, म्हणजे निर्गम उतारा, सही-शिक्क्यासह काढून ठेवा. शक्य असेल तर पहिलीत जिथे नाव घातलं त्या शाळेचा उतारा मिळवा. तिथली तारीख लग्न ठरण्याच्या कितीतरी आधीची असते, त्यामुळे तिच्यावर शंका घेता येत नाही.

ग्रामीण भागात ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडी सेविका त्यांना साहाय्य करतात. शहरात ही जबाबदारी बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांवर आहे. त्यांना लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका. अर्ज शाळेच्या नावाने, मुख्याध्यापकांच्या सहीने गेला तर तुम्ही एकट्या पुढे येत नाही.

आता जिथे खरी गफलत होते ते सांगतो. पथक येतं, पालकांकडून ‘अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही’ असं हमीपत्र घेतं आणि निघून जातं. दोन-तीन दिवसांनी रात्रीतून मामाच्या गावी, परक्या तालुक्यातल्या एखाद्या देवळात अक्षता पडतात. हमीपत्र मोडलं म्हणून ते लग्न आपोआप रद्द होत नाही. म्हणून लग्न पुन्हा लावतील अशी जरासुद्धा शंका असेल, तर बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यांनी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घ्यायला हवा. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या कलम 13 मध्ये ही सोय आहे. प्रकरण तातडीचं असेल तर समोरच्याला नोटीस न देताही अंतरिम हुकूम निघतो. हुकूम असताना लागलेलं लग्न कलम 14 प्रमाणे मुळातच निरर्थक ठरतं. या एका कागदाने फार मोठा फरक पडतो आणि नेमका तोच मागितला जात नाही. अर्जातच ‘कलम 13 खाली मनाई हुकूम मिळवावा’ असं स्पष्ट लिहा. संस्थेला किंवा माहिती असलेल्या कुणालाही न्यायालयाकडे स्वतः तक्रार करता येते.

गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. सज्ञान नवरदेव, लग्न लावणारा, लावून देणारे आणि ठाऊक असूनही लग्नाला हजर राहणारे यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महिलांना या कायद्याखाली कैद होत नाही, दंड होतो. भटजी, काझी आणि मंगल कार्यालयाचे मालक यांना हे आधीच लेखी कळवलं तर निम्मी लग्नं दारातच अडतात, असं आमचं ठाम मत आहे.

लग्न थांबल्यानंतर मुलीची काळजी संपली असं समजू नका. घरी मारहाणीची किंवा पुन्हा लग्न लावण्याची भीती असेल तर तिला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) नेलं पाहिजे. ती घरीच राहणार असेल तर तुमचं हजेरीपत्रक हीच तिच्यावरची नजर. सलग तीन दिवस गैरहजर दिसली तर घरी माणूस पाठवा. आणि तिचं नाव, फोटो, ‘बालविवाह रोखला’ म्हणून सत्कार, यातलं काहीही व्हॉट्सॲपवर किंवा वर्तमानपत्रात जाऊ देऊ नका.

प्रश्न : माझं लग्न सोळाव्या वर्षी लावलं. आता मी एकोणीस वर्षांची आहे आणि माहेरी राहते. सुटका होईल का? – परभणी जिल्हा

होईल, पण मुदत पाळा. बालविवाह आपोआप रद्द होत नाही. ज्या व्यक्तीचं लहानपणी लग्न लागलं तिने मागणी केली तर जिल्हा न्यायालय तो रद्दबातल करतं. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे वयाची वीस वर्षं पूर्ण होण्याआधी, हा अर्ज झाला पाहिजे. तुमच्या हातात वर्षभरापेक्षाही कमी वेळ आहे, म्हणून याच महिन्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सोबत शाळेचा दाखला, लग्नाची पत्रिका किंवा फोटो आणि हजर असलेल्या दोघांची नावं न्या. पुन्हा लग्न होईपर्यंतची पोटगी, राहण्याची सोय आणि लग्नात दिलेले दागिने-पैसे परत मिळण्याचा आदेश त्याच अर्जात मागता येतो. मूल असेल तर ते कायद्याने औरसच राहतं.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातो. मुलगी दहा वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. मुलगी सोबत आली तर शाळा बुडते, मागे ठेवली तर तिला बघणारं कुणी नाही. – आष्टी तालुका

मुलगी सोबत जाते ती बहुतेक वेळा धाकट्या भावाला सांभाळायला. म्हणून आधी तीन वर्षांच्या मुलाची सोय बघा. ज्या कारखान्याच्या हद्दीत तुमची टोळी उतरणार आहे त्या गावच्या अंगणवाडीत त्याचं नाव घालता येतं. बाहेरगावचा आहे म्हणून पोषण आहार नाकारता येत नाही. लसीकरणाचं माता-बाल संरक्षण कार्ड आठवणीने सोबत न्या.

मुलीसाठी पहिला पर्याय हंगामी वसतिगृह. यात मूल गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं, शाळेत जातं आणि जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. अडचण वेळेची असते. यादी उशिरा झाली तर मंजुरी येईपर्यंत टोळ्या निघून गेलेल्या असतात. म्हणून सप्टेंबरमध्येच मुख्याध्यापकांना लेखी द्या : मुलाचं नाव, इयत्ता, जाण्याची अंदाजे तारीख, मागे कोण सांभाळणार. पाच-सहा पालकांनी एकत्र अर्ज दिला की तो समितीच्या बैठकीत घेणं भाग पडतं. समितीत पालक तीन-चतुर्थांश असतात. तुम्ही स्वतः तिथे बसू शकता. याशिवाय ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत. आपल्या तालुक्यात कुठल्या इयत्तेपासून प्रवेश आहे ते समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात विचारा.

मुलगी सोबतच जाणार असेल तर निघण्यापूर्वी शाळेतून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाची इयत्ता आणि शिक्षण नोंदलेलं कार्ड) घ्या आणि कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत द्या. तिथे ‘आधी दाखला आणा’ किंवा ‘वर्ष अर्धं झालं’ असं उत्तर मिळालं तर घाबरू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला दाखल्याला उशीर झाला, वयाचा पुरावा नाही किंवा सत्र सुरू झालं, या कारणांनी प्रवेश नाकारता येत नाही. शाळा तरीही ऐकत नसेल तर त्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. एप्रिलमध्ये परत येताना तिथली हजेरी लिहून आणा, म्हणजे तुमच्या गावी तिचं नाव पटावरून कमी होणार नाही.

आणखी एक, मनापासून सांगतो. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण चौदाव्या वर्षी संपतं आणि नेमकं तिथेच मुलींच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. आठवी झाली की पुढच्या शाळेची आणि राहण्याची सोय त्याच उन्हाळ्यात पक्की करून ठेवा.

प्रश्न : हमरस्त्यावरच्या ढाब्यावर साधारण बारा-तेरा वर्षांचा मुलगा रात्री अकरापर्यंत भांडी घासतो. मालक म्हणतो, ‘माझा भाचा आहे’. – अहिल्यानगर

चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवणं बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनंतर सरसकट बंद आहे. घरच्या धंद्यात हातभार लावायला सूट आहे आणि त्यात मामा-काका येतात, म्हणून मालक भाचा सांगतो. पण ती सूट शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीतच आहे, दिवसाला तीन तासांपुरती आहे आणि संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत अजिबात नाही. अकरा वाजता भांडी घासणारा भाचा खराखुरा असला तरी मालक सुटत नाही. सहा महिने ते दोन वर्षं कैद, 20,000 ते 50,000 रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

ढाब्यावर स्वतः जाऊन जाब विचारू नका. त्याच रात्री मुलाला दुसरीकडे हलवतात. 1098 वर फोन करा आणि सरकारी कामगार अधिकाऱ्यांना कळवा. मुलगा किती ते किती वाजेपर्यंत दिसतो, झोपतो कुठे, हे नमूद करा. आईबापांनी उचल घेऊन मूल ठेवलं असेल तर ते वेठबिगारीत मोडतं. मग तहसीलदारांनाही अर्ज द्या आणि त्यात 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचा उल्लेख करा. इगतपुरी भागातली कातकरी मुलं थोड्याशा पैशांवर मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं 2022 साली उघड झालं, ते याच प्रकारचं होतं.

मूल सलग तीस दिवस शाळेत न सांगता गैरहजर असेल तर मुख्याध्यापकांनी ते बालकामगार कायद्याखाली नेमलेल्या नोडल अधिकाऱ्यांना कळवायचं असतं. हा नियम अनेक शाळांना ठाऊकच नसतो. मूल एकपालकी असेल किंवा घर आजारपणाने खचलं असेल तर बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात द्या. दरमहा 2,250 रुपये मिळतात. गृहचौकशी आणि बाल कल्याण समितीचा आदेश लागतो, त्यामुळे वेळ जातो. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड आणि बँक पासबुक पहिल्याच फेरीत न्या.

प्रश्न : आम्ही अकरावी-बारावीतली मुलंमुली. गावातल्या मुली सातवीनंतर शाळा सोडतात. आम्हाला मत नाही, मग आमचं कोण ऐकणार? – जालना जिल्हा

मत नसलं तरी ग्रामसभेत तुमचा ठराव मांडता येतो. आधी बालसभा घ्या आणि शाळा सोडलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारा : कशामुळे सुटली? उत्तरं वहीत लिहा. पुष्कळ गावांत उत्तर निघतं ते एसटीच्या वेळेचं. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण शाळा पाचला सुटते आणि गाडी साडेसातला असते. मग बाप म्हणतो, राहू दे.

असं असेल तर मागणी ‘मुलींना सुरक्षा द्या’ अशी मोघम लिहू नका. ‘साडेसातची फेरी सव्वापाचला करावी, प्रवासी विद्यार्थिनी इतक्या’ असं लिहा. त्याला शाळेचं वेळापत्रक, मुख्याध्यापकांचं पत्र आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडून आगार व्यवस्थापकांना द्या. ठराव ग्रामसभेत वाचला गेला तरी इतिवृत्तात लिहिला जात नाही, असं वारंवार होतं. त्याच दिवशी ठराव क्रमांक मागा. थांब्यावरचा दिवा, शाळेच्या स्वच्छतागृहाला दार आणि पाणी, यासाठी ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के महिला व बालकल्याणाचा निधी आहे. गेल्या वर्षी तो कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत विचारा.

ग्राम बाल संरक्षण समितीत आणि शाळा व्यवस्थापन समितीत मुलांचे प्रतिनिधी असायला हवेत. तुमच्या गावात ते कोण आहेत हे अंगणवाडी सेविकेला आणि मुख्याध्यापकांना विचारा. नावं फक्त कागदावर असतील तर पुढच्या बैठकीची तारीख लेखी मागून घ्या आणि वही घेऊन जा.