बोअरला पाणी वाढलं, पण पिवळं येतंय! (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही बार्शी तालुक्यातले. मागच्या वर्षी बोअरचं पुनर्भरण केलं, म्हणजे शेतातून येणाऱ्या चारीचं पाणी नुसती जाळी लावून केसिंगमध्ये सोडलं. उन्हाळ्यात बोअर आटला नाही हे खरं, पण यंदा पहिल्या पावसानंतर पाणी पिवळट येतंय, वास पण येतो, धाकट्याला जुलाब झाले. भावकीतले म्हणतात साखर कारखान्याची मळी मुरलीय. उकळून प्यायलं तर चालेल का?

उत्तर: ताई, आधी बाळाचं बघा. रिपोर्ट येईपर्यंत ते पाणी कपडे धुण्यालाच वापरा आणि प्यायला दुसरीकडून आणा. उकळल्याने जंतू मरतात, त्यामुळे जुलाबाचा धोका कमी होतो, पण युरियातून येणारं नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते जास्तच दाट होतं. तुरटीनेही जात नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको असं भारतीय मानक सांगतं आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं दूध अशा पाण्यात कालवलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होऊन बाळ निळसर पडू शकतं, म्हणून घरात तान्हं असेल तर हे अजिबात अंगावर काढू नका.

आता आलं कुठून? मळीचा संशय लोकांना पटकन येतो आणि काही ठिकाणी तो खराही असतो, पण मळीचं पाणी तपकिरी असतं, त्याला आंबूस-कुजका वास येतो आणि ते मुरलं की पाऊस असो नसो, आजूबाजूच्या बऱ्याच विहिरींचं पाणी बिघडतं. तुमचं पाणी पहिल्या पावसानंतर बिघडलं आणि तेही पुनर्भरण केल्यावर, त्यामुळे मला पहिला संशय त्या चारीवरच येतो. पेरणीच्या वेळी टाकलेलं खत, फवारणीचं औषध, गोठ्याचं शेण-मूत, बांधावरची घाण हे सगळं पहिल्या पावसात वाहून येतं आणि तुम्ही ते २००-३०० फूट खाली थेट सोडलंय. एरवी हेच पाणी माती आणि मुरमातून हळूहळू झिरपलं असतं तर बरेचसे जंतू वाटेत अडकले असते. आपल्याकडे मुरमाखाली काळा पाषाण आहे, त्यात पाणी फटींमधून पळतं, गाळून निघायला वावच नसतो. घरामागच्या संडासाचा शोषखड्डा बोअरपासून किती लांब आहे तेही बघा, ५० फूट अंतर सोडा असं सगळे सांगतात पण खडकाची भेग नेमकी त्याच बाजूला असेल तर तेवढं पुरत नाही.

बोअरभोवती ६ फूट खड्डा घेऊन केसिंगला बारीक भोकं पाडतात, त्यावर जाळी गुंडाळतात आणि खाली मोठे दगड, मग खडी, वर वाळू भरतात, ही गाळणी चांगलीच आहे. पण वाळू गाळ अडवते, पाण्यात विरघळलेलं नायट्रेट नाही! हे कंत्राटदार सांगत नाहीत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण गावोगाव लोक हौसेने स्वतःचे पैसे घालून पुनर्भरण करतायत आणि पिण्याचाच झरा नासतोय. म्हणून शेताचं पाणी बोअरमध्ये नकोच, ते समतल चर आणि बांधबंदिस्तीने मातीतच मुरवा, युरियाही एकदम टाकण्याऐवजी पिकाला लागेल तसा थोडा थोडा द्या. बोअरमध्ये सोडायचं ते छताचं पाणी. हजार स्क्वेअर फुटाचा स्लॅब म्हणजे ९३ चौरस मीटर, वर्षाला ५०० मिमी पाऊस धरला तरी त्यावर ४६ हजार लिटर पडतं, वाया जाणारं सोडून ३५ हजार तरी हाताला लागतं. पावसाळ्याआधी स्लॅब झाडून घ्या, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा आणि मगच पाइप गाळणीला जोडा.

सध्या चारीचं तोंड बंद करा, मोटर चालवून बोअर बराच वेळ उपसा आणि पाणी निवळलं की ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारून टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाका. गढूळ पाण्यात टाकलेली टीसीएल नीट काम करत नाही, हे लक्षात असू द्या.

प्रश्न: आमचं प्लास्टिकचं शेततळं आम्ही बोअरने भरतो. त्याने गावाची पाणीपातळी वाढते का?

उत्तर: नाही, उलट घटते. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी तुम्ही वर काढून उन्हात ठेवताय, त्यातलं किती तरी वाफ होऊन जातं आणि खाली प्लास्टिक असल्यामुळे थेंबभरही मुरत नाही. फळबाग जगवायला शेततळं हवं हे मला कळतं, पण ते पावसाच्या वाहत्या पाण्याने भरा. सगळ्यांनीच बोअर उपसून तळी भरली तर मार्चमध्ये शेजाऱ्याची विहीर कोरडी पडणारच. हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचेच नाहीत असं ठरवलं आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, म्हणून तिथं मुरवलेलं पाणी टिकलं.

प्रश्न: पाणी तपासायला कसं द्यायचं?

उत्तर: ग्रामपंचायतीत विचारा, फील्ड टेस्ट किट असेल तर अंदाज तिथेच येतो. पक्का रिपोर्ट भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत मिळतो. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घ्या, कोल्ड्रिंकची बाटली धुऊन चालत नाही. मोटर पाच-दहा मिनिटं चालू द्या, मग भरा, झाकणाला आतून बोट लावू नका आणि गार ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. रासायनिक तपासणीला वेगळा स्वच्छ कॅन लागतो. अर्जात नायट्रेट आणि फ्लोराइड असं स्पष्ट लिहा, नाहीतर नुसता टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजून पाठवतात आणि टीडीएस चांगला आला म्हणजे पाणी प्यायला चांगलं असं नसतं. एक नमुना पावसाआधी मे महिन्यात आणि एक पावसाळा संपल्यावर द्या, दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले की घाण पावसाबरोबर येते की मुळातच खाली आहे ते कळतं.