इंग्लंडच्या खेड्यात पॅरिश कौन्सिल नक्की करते काय? घरासमोरचा दिवा बंद आहे, त्यांना सांगून उपयोग होईल का? आपल्या ग्रामपंचायतीसारखंच असतं का हे?

दिव्याचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसले.

आधी तुमचं काम. उद्या उजेडी त्या खांबापाशी जा. खांबावर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर नंबर असतो. त्याचा फोटो काढा. गावातल्या नोटीस बोर्डावर क्लार्कचा, म्हणजे कौन्सिलचं कागदपत्र सांभाळणाऱ्या पगारी बाईचा, ईमेल असेल, त्यावर नंबर, रस्त्याचं नाव आणि दिवा पूर्ण बंद आहे की मिणमिणतोय, एवढंच लिहा. ‘आमच्या घरासमोरचा’ असं लिहू नका, तुमचं घर त्या बाईला माहीत नसतं. खांब पॅरिशच्या मालकीचा असेल तर ती कंत्राटदाराला कळवेल, काउंटीचा, म्हणजे वरच्या मोठ्या कौन्सिलचा, असेल तर काउंटीकडे पाठवेल. रस्त्यातला खड्डा मात्र तिला सांगू नका, तो काउंटीचाच. आमच्याकडे कचऱ्याची गाडी आली नाही, तर जिल्ह्याच्या कौन्सिलला फोन (इथला जिल्हा काउंटीच्या पोटात असतो). आणि पॅरिश हा शब्द चर्चचा असला तरी चर्चशी या पॅरिशचा संबंध नाही, तो 1894 च्या कायद्यानं तोडला. चर्चची समिती वेगळी.

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलं असेल, पण माझी दुखरी नस नेमकी तीच आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावची. थोरला भाऊ तिथं पाच वर्षं सरपंच होता. मी लिंकनशरमधल्या एका खेड्यात राहते. 2023 च्या मे महिन्यात इथं निवडणूक होती. सात जागा आणि अर्ज पाच. मतदान झालंच नाही. उरलेल्या दोन जागांसाठी क्लार्कनं दुकानात चिठ्ठी लावली, मी अर्ज केला, दहा मिनिटं बोलले आणि पाच जणांनी हात वर करून मला आत घेतलं. (भारतीय पासपोर्टवर हे चालतं. आपण राष्ट्रकुलातले, म्हणून इथं राहणाऱ्यांना स्थानिक निवडणुकीत मत आहे आणि कायमच्या वास्तव्याची परवानगी असेल तर सभासदही होता येतं. वीस-वीस वर्षं राहिलेल्या मराठी लोकांना हे ठाऊक नसतं, याची मला चीड येते.)

दादाला फोन करून सांगितलं, मी बिनविरोध आले. तो कितीतरी वेळ हसत होता. मग विचारलं, “कितीला?”

विनोद आपल्याकडचा आहे, समजून घ्या. बिनविरोधच्या नावाखाली सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून 2021 च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगानं उमराणे आणि खोंडामळीची निवडणूक रद्द केली होती. इथं उलटं. पदाला पगार नाही, मान नाही, मंगळवारची संध्याकाळ जाते. पगार फक्त क्लार्कला, तोही आठवड्याच्या आठ तासांचा.

तर दिवा. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात बस स्टॉपजवळचा दिवा गेला. शाळेची मुलं दुपारी चारच्या बसनं उतरतात आणि डिसेंबरात चार म्हणजे इथं अंधार. नोव्हेंबरात मी क्लार्कला लिहिलं. पहिला महिना कंत्राटदार चुकीच्या खांबापाशी जाऊन ‘दिवा चालू आहे’ असं कळवून मोकळा झाला. दुसऱ्या महिन्यात कळलं की तो जुना नारिंगी सोडियमचा बल्ब आता बनतच नाही, वरचा अख्खा डबा बदलून एलईडी बसवावा लागेल, खर्च साडेतीनशे पौंडांच्या घरात. म्हणजे ठराव लागणार. ठरावाला विषयपत्रिका लागणार, ती सभेच्या तीन पूर्ण दिवस आधी नोटीस बोर्डावर लागणार आणि तिच्यात नसलेल्या विषयावर एक पैसा मंजूर करता येत नाही. फेब्रुवारीत कुणीतरी शंका काढली की खांब आपला की काउंटीचा? काउंटीचं उत्तर मार्चअखेर आलं, तुमचाच. एप्रिलमध्ये एका आजींनी वटवाघळांचा मुद्दा काढला. पांढऱ्या झगझगीत उजेडानं ती बिथरतात, पिवळसर चालतो. मेमध्ये अध्यक्षाची निवड, त्यात दिवा मागे पडला.

जूनच्या सभेला दादा माझ्यासोबत होता. सुट्टीला आला होता, म्हणाला, बघू तरी तुमची पंचायत. व्हिलेज हॉलमध्ये मागच्या घडीच्या खुर्चीवर बसला, शर्टाच्या खिशाला पेन. सभा कुणालाही बघता येते. सुरुवातीला गावकऱ्यांना बोलायला पंधरा मिनिटं असतात, तेव्हा एक गृहस्थ कुत्र्यांच्या घाणीवर तीन मिनिटं बोलले, दादानं मान डोलावली.

मग दिव्याचा विषय आला आणि समोरच्या घरात राहणारे आमचे एक सभासद उठले. म्हणाले, हा उजेड माझ्या झोपायच्या खोलीत येतो, मी यात थांबू नये. खुंटीवरचा कोट घेतला आणि बाहेर गेले. पाऊस होता, दाराच्या काचेतून ते पोर्चमध्ये उभे दिसत होते. दादा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “रुसला काय गं?”

सांगितलं, रुसला नाही, त्याचे हितसंबंध आहेत म्हणून बाहेर थांबलाय. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ज्याच्या घरासमोर दिवा येणार त्यानंच ठराव मांडायचा आणि भावकीनं अनुमोदन द्यायचं, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेलं.

चाळीस मिनिटं चर्चा झाली. पिवळसर एलईडी, घराच्या बाजूला आडोशाची पट्टी, दर मंजूर. चार विरुद्ध एक, एक तटस्थ. बाहेरच्याला आत बोलावलं, त्याचा कोट ठिबकत होता.

परत येताना त्या खांबाखाली दादा थांबला. रात्रीचे साडेनऊ वाजलेले, जून असल्यामुळे लख्ख उजेड. वर बघून म्हणाला, “एका बल्बापायी सात माणसं आन् आठ महिनं? मी वायरमनला फोन लावला असता तर दिवस मावळायच्या आत पेटला असता.”

मी म्हणाले, मग वरच्या आळीचा का नाही पेटला?

हे आमचं जुनं भांडण. दादा सरपंच असताना वरच्या आळीच्या वळणावरचा दिवा सव्वादोन वर्षं बंद होता. ती आळी दुसऱ्या पॅनेलची. आम्हाला शाळेत शिकवलेल्या गुरुजींची बायको, आम्ही काकू म्हणतो, पहाटे दूध आणायला निघाली आणि त्या वळणावर पडली. खुबा मोडला. मी दादाला तेव्हाच विचारलं होतं, आजही उत्तर एकच, निधी नव्हता. त्याच वर्षी आमच्या आळीत देवळासमोर हायमास्ट लागला. तो कुठल्या निधीतून, हे विचारलं की दादाला गाईचं पाणी आठवतं.

गुरुजींनी ग्रामसभेत विषय काढला होता. पण ती सभा कोरमअभावी तहकूब झालेली आणि तहकूब सभेच्या वेळी शिपाई घरोघर वही घेऊन सह्यांना फिरला. प्रोसिडिंगात गुरुजींचं नाव हजेरीत आहे, विषय नाही. मी स्वतः पानं उलटून पाहिलीत. दादा म्हणतो, लिहायचं काम ग्रामसेवकाचं. बरं.

म्हणून तुम्हाला सांगते, इथं सभासद झालात तर बाकी काही करू नका, मिनिट्स, म्हणजे सभेचं प्रोसिडिंग, वाचा. मागच्या सभेच्या मिनिट्सवर सही व्हायच्या आधी हात वर करा आणि राहिलेलं लिहायला लावा. ‘सगळ्यांना माहीतच आहे’ असं म्हणणाऱ्या माणसावर, मग तो तुमचा सख्खा भाऊ का असेना, विश्वास ठेवू नका. आमच्या दिव्याचे आठही महिने कागदावर आहेत. कुणामुळे किती उशीर झाला, ते उद्या कुणीही काढून बघावं.

आता पॅरिश म्हणजे स्वर्ग असं समजू नका. तिला दात नाहीत. गावात नवीन घरं बांधायचा अर्ज आला की आमची मंडळी हटकून विरोध करतात, रहदारी वाढेल, निचरा होणार नाही, गावाचा बाज जाईल. विचारतात आम्हाला, ठरवतो जिल्हा. जिल्हा पुष्कळदा आमचं पत्र फायलीला लावून हवं तेच करतो. पैसा म्हणाल तर कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे इथल्या घरपट्टीच्या, बिलात पॅरिशची एक बारीक ओळ असते, तेवढा. त्यात हिरवळ कापायची, दफनभूमी सांभाळायची, बस स्टॉपचं छप्पर, मुलांचे झोपाळे. गावकऱ्यांना भाड्यानं द्यायच्या भाजीच्या वाफ्यांचं तेवढं चांगलं आहे, सहा मतदारांनी मिळून लेखी मागणी केली तर कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते. मी मेथी लावते. टेलिफोन कंपनीकडून रस्त्यावरच्या फोनचं लाल खोकं आम्ही एका पौंडाला घेतलं आणि त्यात हृदयाला झटका देणारं यंत्र बसवलं, ते एक काम मला मनापासून आवडलं.

आणि भांडणंही होतात. 2021 मध्ये हँडफोर्थ गावच्या पॅरिश कौन्सिलच्या सभेची चित्रफीत जगभर फिरली होती, जॅकी वीव्हर बाई एकेकाला ऑनलाइन सभेतून बाहेर काढतायत ती. आमच्याकडे इतकं झालेलं नाही, पण एका बाकाच्या रंगावरून दोन म्हातारे वर्षभर बोलत नव्हते. मी एकाच गावाचं सांगतेय. वेल्समध्ये याला कम्युनिटी कौन्सिल म्हणतात, स्कॉटलंडचं तंत्र निराळं.

दादाच्या बाजूनं एक गोष्ट लिहिलीच पाहिजे, नाहीतर तो हे वाचून फोन करेल. त्याच्या ग्रामपंचायतीच्या गळ्यात नळपाणी होतं, घरकुलाच्या याद्या, घरपट्टीची थकबाकी, जन्ममृत्यूच्या नोंदी, त्यात एका उन्हाळ्यात विहीर आटली. दादानं चार दिवसांत टँकर उभा केला होता, वरच्या आळीलाही. माझ्या कौन्सिलला टँकर लावायला सांगितला असता, तर कोटेशनं येईपर्यंत गाव तहानेनं मेलं असतं. इथं पाणी कंपनीचं, शाळा काउंटीची, आमच्याकडे उरतात बाकं आणि दिवे. मग बाकं आणि दिवे तरी नीट करायला वेळ मिळणारच की, असं तो म्हणतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण हायमास्टचं तेवढं त्यानं सांगावं.

वरच्या आळीचा दिवा पुढच्या बॉडीनं लावला. काकू वॉकर घेऊन चालतात.

आमचा दिवा ऑगस्टमध्ये पेटला. तुम्ही फोटो काढाल तेव्हा पट्टी आधी पुसून घ्या, शेवाळ असतं, 6 आणि 8 सारखेच दिसतात. मी पहिल्या ईमेलमध्ये 8 च्या जागी 6 लिहिला होता. पहिला महिना त्यात गेला. मिनिट्समध्ये आहे ते, दादाला अजून सांगितलेलं नाही.