मुंबईतला रीफ टँक आणि हातात २५ हजार: आधी लाइट, स्किमर की चिलर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भांडुपला सगळ्यात वरच्या मजल्यावर घर, तीन फुटी रीफ टँक, म्हणजे प्रवाळ ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक (३६ × १५ × १८ इंच), दोन क्लाउनफिश, थोडे झोआ आणि मशरूम (दोन्ही बिनसांगाड्याचे प्रवाळासारखे जीव). साधा एलईडी, एक वेव्हमेकर (पाणी फिरवणारा छोटा पंप) आणि मागे लटकवलेला फिल्टर. २५ हजार साठलेत. दुकानदार म्हणतो लाइट बदला, मित्र म्हणतो स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) घ्या, आणि पुढेमागे तुम्हाला एसपीएस म्हणजे कठीण सांगाड्याचे प्रवाळ ठेवायचेत.

माझं स्पष्ट मत आहे की लाइट सगळ्यात शेवटी घ्या. पैसा आधी पाण्याला, मग उकाड्याला, मग वीज गेल्यावरच्या सोयीला. टँकमधले जीव मरतात ते याच तीन गोष्टींनी. लाइट थोडा कमी पडला तर झोआ उंच वाढतील, रंग जरा फिका पडेल, पण जगतील.

त्याआधी एसपीएसचा विचार डोक्यातून काढून टाका, कारण त्यावर तुमचं सगळं बजेट अवलंबून आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून सगळे कठीण, रीफ बांधणारे प्रवाळ आहेत, शिवाय काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन. वाघही त्याच अनुसूचीत आहे. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरचे प्रवाळ दुसरीकडे हलवायचे होते, तेव्हा त्यालासुद्धा वनखात्याची परवानगी लागली. त्यामुळे कुणी पिशवीत घालून दिला म्हणून तो प्रवाळ तुमचा होत नाही. समुद्रातून तोडून आणलेला लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू वसलेला खडकही घेऊ नका, सिरॅमिकचा किंवा कृत्रिम खडक घ्या. काही महिन्यांत त्यावरही जिवाणू बसतात.

आता याचा खिशावर काय परिणाम होतो बघा. परदेशी व्हिडिओंमध्ये जी यादी असते, कॅल्शियम रिअॅक्टर, डोसिंग पंप (दोन्ही पाण्यात क्षार भरणारी यंत्रं), २००-३५० पार (प्रवाळाला उपयोगी प्रकाशाचं माप) देणारे लाइट, ती जवळजवळ सगळी एसपीएससाठी असते. झोआ, मशरूम, लेदर, ग्रीन स्टार पॉलिप अशा मऊ प्रकारांना साधारण ५० ते १५० पार पुरतो. कॅल्शियम आणि अल्कॅलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट) ते फारशी खात नाहीत, आठवड्याला पाणी बदललं की तेवढ्यात भागतं. म्हणजे यादीतला सर्वात महागडा भाग तुम्हाला लागतच नाही.

पाण्याचं सांगतो. पालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा वगैरे धरणांचं, म्हणून मुळात मऊ, म्हणजे कमी क्षारांचं. हे आपलं नशीब. पण त्यात क्लोरीन असतं, आणि मे महिन्यात सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळलं की सगळा हिशेब बिघडतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा काही शे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या, हीच पहिली खरेदी. घरात आरओ असेल तर त्याच्या नळाचं पाणी मोजा. बऱ्याच घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा मिनरल परत मिसळतात, ते आपल्याला नको. मेंब्रेननंतर (आरओच्या गाळणाऱ्या पडद्यानंतर) आणि मिनरलच्या आधी टी-जोड काढून घ्या आणि पुढे उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा एक कार्ट्रिज लावा. मीटर शून्य दाखवेपर्यंत पाणी टँकमध्ये घालू नका. आपलं पाणी मऊ असल्यामुळे रेझिन बरेच दिवस चालतं. शेवाळाचा बराचसा त्रास इथेच थांबतो, त्यासाठी स्किमर लागत नाही.

सोबत क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावणावर सेट करायचा, साध्या पाण्यावर नाही. क्षारता ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. आणि टँकसाठीचं सागरी मीठ. तुमच्या टँकमध्ये खडक-वाळू सोडून साधारण १३० लिटर पाणी आहे. आठवड्याला १३ लिटर बदललं तर अर्धा किलोच्या आसपास मीठ जातं, म्हणजे २० किलोची बादली आठ-नऊ महिने पुरते. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत उघडी बादली दगड होते, आणि गठ्ठे झालेलं मीठ विरघळल्यावर पाणी पांढरट राहतं, क्षार तळाशी बसतात. रबरी कडेचं घट्ट झाकण असलेला डबा घ्या. आणि गिरगाव असो की जुहू, चौपाटीचं पाणी आणून घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात क्षारता पार कोसळते.

आता मुख्य मुद्दा, उकाडा. वरचा मजला म्हणजे दिवसभर तापलेला स्लॅब, आणि रात्री नऊ वाजताही तो उष्णता खाली सोडतच असतो. कोरलला २५ ते २७ अंश बरं. २९ च्या वर ताण पडायला लागतो, आणि काही दिवस ३०-३१ राहिलं की त्यांच्या पेशींत राहणारी शैवालं, ज्यांच्यावर त्यांचं पोट चालतं, ती बाहेर टाकली जातात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ ला प्रवाळ पांढरे पडले ते याच कारणाने. माझा टँक परळला तळमजल्यावर आहे. तिथेही मेच्या दुपारी झोआ आधी कडेने आत वळतात आणि मग मुठीसारखे मिटतात. हात लावायची गरज नाही, लांबूनच कळतं की पाणी तापलंय.

लोक म्हणतात पंखा लावा, चार अंश उतरतं. पुण्यात उतरतं. पंखा पाण्याची वाफ करून गारवा देतो, त्यामुळे हवा कोरडी असली तरच त्याचा उपयोग. खोली ३३ अंशांवर आणि आर्द्रता ६५-७० टक्के असेल, तर वेट-बल्ब तापमान (बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त जिथवर गार होऊ शकतं ते) २८ च्या जवळ असतं, आणि पंखा कितीही मोठा असला तरी पाणी त्याच्या खाली नेऊ शकत नाही. पंप आणि लाइटची उष्णता धरली तर तुम्ही २९ वर अडकता. म्हणून मुंबईत पंखा हा मार्चपर्यंतचा आणि ऑक्टोबरनंतरचा उपाय. मे महिन्यात त्याच्यावर विसंबू नका.

तरीही पंखा आजच लावा, कारण तो स्वस्त आहे. पण तो लावला की दिवसाला दोन-तीन लिटर पाणी उडतं, आणि उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. तीन दिवस भर घातली नाही तर ३५ ची क्षारता साडेसदतीसपर्यंत जाऊ शकते. म्हणून पंख्याबरोबर ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) हवाच. त्याची टाकी मात्र १० लिटरचीच ठेवा. सेन्सर अडकून सगळं पाणी ओतलं गेलं तरी क्षारता ३२ च्या आसपास राहील, जीव वाचतील. झाकण काढणार असाल तर जाळी बसवा, क्लाउनफिश उडी मारतात.

याशिवाय बिनखर्चाचे दोन उपाय आहेत. लाइट दुपारी बारापासून लावता ते संध्याकाळी पाच ते रात्री बारा करा, म्हणजे दुपारच्या उष्णतेत लाइटची भर पडत नाही. आणि पाण्यात बुडालेला जुना पंप असेल तर त्याचे वॅट वाचा. तो जेवढे वॅट खातो त्यातले बहुतेक शेवटी पाण्यात उष्णता म्हणूनच उतरतात.

खरा उपाय पाणी थंड करणारा चिलरच, आणि तुमच्या २५ हजारांतला मोठा वाटा त्याच्यासाठी बाजूला काढा. थंडीत घेतला तरी चालेल, पण मार्च उजाडायच्या आत लागलेला हवा. कंपनीच्या तक्त्यात ‘इतक्या लिटरसाठी’ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, खोलीपेक्षा किती अंश खाली नेऊ शकतो ते विचारा आणि खोली ३३ ची धरा. पेल्टियरवाले (कॉम्प्रेसर नसलेले) छोटे चिलर तुमच्या टँकला पुरणार नाहीत. शिवाय चिलर उष्णता नाहीशी करत नाही, खोलीत फेकतो. वन बीएचकेमध्ये हॉलच्या कोपऱ्यात तो ठेवला तर हॉल तापेल आणि चिलर दिवसभर चालतच राहील. गॅलरीत, पावसाचा शिडकावा येणार नाही अशा जागी ठेवा आणि पाइप भिंतीतून न्या.

हीटर मात्र घेऊ नका. मुंबईत घरातलं पाणी डिसेंबरातही क्वचितच धोक्याइतकं थंड होतं, उलट थर्मोस्टॅट चिकटलेला हीटर एका रात्रीत टँक उकळून काढतो.

वीज. भांडुपला रोज जात नाही, पण १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईत बहुतेक ठिकाणी वीज गेली होती, ते आठवत असेल. टँकमधलं पाणी फिरायचं थांबलं की पहिला प्रश्न ऑक्सिजनचा. खाऱ्या पाण्यात तो मुळात गोड्यापेक्षा कमी विरघळतो आणि गरम पाण्यात आणखी कमी. बॅटरीवर चालणारा एअर पंप काही शे रुपयांना मिळतो, तो घेऊन ठेवा. घरी इन्व्हर्टर असेल तर वेव्हमेकर त्याच्या सॉकेटवर घ्या, १०-१५ वॅटला तो रात्रभर पुरतो. आणि यात काटकसर नको: टँकच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) लावून घ्या आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही. घरात लहान मूल असेल तर हे काम टीडीएस मीटरच्याही आधी.

स्किमर वाईट नाही. पण दोन मासे आणि दर आठवड्याला पाणी बदलणारा माणूस असेल, तर या टँकला तो चैन आहे. मासे पाच-सहा झाले की बघा. त्याऐवजी विरुद्ध कोपऱ्यात दुसरा वेव्हमेकर लावा, खडकामागची घाण बसायची थांबेल.

चिलर नवीन परवडला नाही तर जुना बघायला हरकत नाही, शहर सोडणारे लोक टँकचं सगळं सामान एकदम विकतात. मात्र तो चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. २० लिटरच्या बादलीत पाणी आणि थर्मामीटर घ्या, पंप जोडा, अर्धा तास चालवा. पाणी दोन-तीन अंश तरी उतरायला हवं. आतलं कॉइल टायटॅनियमचं आहे का ते विचारा, आणि मागची जाळी काढून कंडेन्सरचे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचे) पत्रे बघा. खाऱ्या हवेने ते पांढरे पडून भुगा होत असतील, तर कितीही स्वस्त असला तरी तो तिथेच ठेवा.