वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतल्या राज्य विद्यापीठात पैसा कोणाच्या हातात?

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांनी अमेरिकेतल्या मोठ्या राज्य विद्यापीठांबद्दल बरेच प्रश्न पाठवले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात बी.एफ.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जिताड्याच्या बीजोत्पादनात पुढे एम.एस. करायचं आहे. एका सल्लागारांनी बारा विद्यापीठांत अर्ज करायला सांगितलंय. म्हणतात, स्कॉलरशिपचं ॲडमिशन झाल्यावर बघू. हे बरोबर आहे का?
— विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : नाही. तुमच्या विषयात क्रम नेमका उलटा चालतो. आधी प्राध्यापक, मग पैसे, आणि प्रवेश सगळ्यात शेवटी. एका अर्जाची फी 75 डॉलर धरली तरी बारा अर्जांचे 900 डॉलर होतात, आणि एकाही प्राध्यापकाशी बोलणं झालेलं नसेल तर बाराही ठिकाणांहून नकार येऊ शकतो. गुण चांगले असूनही.

कारण असं. विद्यापीठाची ग्रॅज्युएट स्कूल फक्त किमान अटी तपासते : पदवी, इंग्रजीचा स्कोअर, कागदपत्रं. निवड विभाग करतो. मत्स्य आणि सागरी विषयांच्या बहुतेक विभागांत नियमच असतो, की 'ही विद्यार्थिनी मी घेतो आणि तिचा खर्च या प्रकल्पातून होईल' असं कुणीतरी प्राध्यापक म्हणाल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. हा खर्च म्हणजे असिस्टंटशिप. आठवड्याला 20 तास काम, त्याबदल्यात ट्यूशन (म्हणजे शिक्षणाची फी) माफ आणि दरमहा पगार. प्राध्यापकाच्या प्रकल्पावर काम केलंत तर रिसर्च असिस्टंटशिप, पदवीच्या मुलांची प्रात्यक्षिकं घेतलीत तर टीचिंग. पहिलीचा पैसा प्राध्यापकाच्या अनुदानातून येतो, दुसरीचा विभागाच्या तिजोरीतून. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर 'स्कॉलरशिप' म्हणून जे दिसतं ते बहुतेक पदवीच्या, त्यातही स्थानिक मुलांसाठी असतं. तिथे शोधत बसू नका.

कुठे शोधायचं? 1862 च्या मॉरिल कायद्याने तिथल्या राज्यांना शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढण्यासाठी जमिनी मिळाल्या. शेती-मासे-जंगल हे विषय म्हणूनच तिथे मुख्यतः राज्य विद्यापीठांत आहेत. (आपली कृषी विद्यापीठंही त्याच घराण्यातली. 1960 मध्ये पंतनगरचं पहिलं विद्यापीठ उभं राहिलं ते इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने, आणि तुमचं दापोली त्यानंतर 1972 मध्ये.) समुद्रासाठी अशीच योजना 1966 मध्ये आली, तिचं नाव सी ग्रँट. 1971 मध्ये हा दर्जा पहिल्यांदा चार विद्यापीठांना मिळाला : ओरेगॉन स्टेट, ऱ्होड आयलंड, टेक्सास ए अँड एम आणि वॉशिंग्टन. सुरुवात इथून करा. विद्यापीठाचं नाव बाजूला ठेवा, विभागाच्या पानावरून एकेका प्राध्यापकाची प्रयोगशाळा उघडा आणि गेल्या तीन वर्षांतले दोन लेख वाचा. पंधरा नावं काढलीत तर त्यातली पाच-सहा खरी कामाची निघतील.

मग ई-मेल. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाठवा, कारण अर्जाच्या तारखा डिसेंबर-जानेवारीत संपतात. दीडशे ते दोनशे शब्द पुरे. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड' हा साचा वाचताक्षणी कचऱ्यात जातो, कारण तो चाळीस जणांना गेलाय हे कळतं. दुसरी चूक जिताड्याचीच. तिथल्या किनाऱ्यावर जिताडा नाही, तेव्हा 'मला जिताड्यावर काम करायचंय' याला उत्तर येणार नाही. मासा सोडा, प्रश्न धरा. पहिल्या दोन वाक्यांत असं काहीतरी यायला हवं : 'हॅचरीत पिल्लं आर्टेमिया या जिवंत खाद्यावरून कोरड्या खाद्यावर आणताना आठ दिवस रोजची मर मोजली. चौथ्या दिवशी ती सर्वांत जास्त होती. तुमच्या लेखात रेड ड्रमच्या पिल्लांना दोन्ही खाद्यं काही दिवस एकत्र दिली आहेत, ते वाचून विचारते आहे.' आकडे अर्थातच तुमच्या वहीतले टाका. शेवटी सरळ विचारा : पुढच्या फॉलला (ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्राला) नवीन विद्यार्थी घेणार आहात का, आणि त्यासाठी निधी आहे का? एक पानाचा बायोडेटा जोडा. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा, मग सोडून द्या.

'निधी नाही' असं उत्तर हल्ली जास्त येतं. 2025 मध्ये तिथल्या केंद्र सरकारने संशोधनाच्या निधीला कात्री लावली आणि बऱ्याच विभागांनी नव्या जागा कमी केल्या. त्यात तुमचा दोष नाही. पुढच्या वर्षी विचारू का, एवढं विचारून ठेवा.

ऑफर आलीच तर पत्रातल्या चार जागी पेन्सिलने खुणा करा. नेमणूक 0.50 आहे ना (म्हणजे 20 तास). पगार नऊ महिन्यांचा की बाराचा. नऊचा असेल तर उन्हाळ्यात काय, हे लेखी विचारा. ट्यूशन पूर्ण माफ आहे की फक्त राज्याबाहेरच्यांना लागणारा वाढीव भाग. आणि आरोग्य विमा कोण भरतं. ट्यूशन माफ असली तरी 'स्टुडंट फी' नावाची वेगळी रक्कम दर सत्राला भरावी लागते. बहुतेकांना ती तिथे पोचल्यावर कळते. निधीसह ऑफर असेल तर बहुतेक विद्यापीठं निर्णयासाठी 15 एप्रिलपर्यंत वेळ देतात. त्याआधी कुणी घाई केली तर ही तारीख नम्रपणे सांगा.

प्रश्न : देवगडात आमची चार एकर हापूसची कलमं आहेत. मुलाला कॉम्प्युटरच्या एम.एस.ला प्रवेश मिळाला, खर्च आपला. बाग तारण ठेवून बँक कर्ज देईल ना? आय-20 साठी (विद्यापीठ व्हिसाकरता देतं तो फॉर्म) बागेचं व्हॅल्युएशन चालेल का?
— एक बागायतदार

उत्तर : दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच धरून चाला.

सातबारावर शेती म्हणून असलेली जमीन शैक्षणिक कर्जाला बँका सहसा घेत नाहीत. थकलेल्या कर्जासाठी कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायचा अधिकार बँकेला 2002 च्या सरफेसी कायद्याने मिळतो, पण शेतजमिनीला तो कायदा लागू नाही. म्हणजे बाग कागदोपत्री लाखांची असली तरी बँकेच्या दृष्टीने अडकलेली. त्यात कोकणातला सातबारा म्हणजे चुलत्या-आत्यांची नावं आणि इतर हक्कांत सोसायटीचा बोजा. राहत्या घराचंही तसंच. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा घरपट्टीचा पुरावा आहे, मालकीचा नाही.

चालतं ते असं : बिनशेती प्लॉट, शहरातला फ्लॅट, मुदत ठेव, विमा पॉलिसी. मुंबईला चाकरमानी भाऊ असेल आणि त्याचा डोंबिवली-विरारचा फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर असेल, तर तो जामीनदार होऊन फ्लॅट तारण देऊ शकतो. मात्र ही सही घरातल्या सगळ्यांना सांगून व्हावी. विनातारण कर्ज खासगी वित्तसंस्था देतात, व्याज जास्त घेतात आणि पगारदार सहकर्जदार मागतात. इथेच बागायतदार अडकतो. आंब्याचं उत्पन्न करमुक्त म्हणून रिटर्न भरलेलं नसतं आणि बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. मुलगा अजून अकरावी-बारावीत असेल तर आजपासून शेती उत्पन्न दाखवून रिटर्न भरा, वाशीच्या दलालाची प्रत्येक पट्टी जपा आणि पैसे खात्यात घ्या.

आय-20 साठी पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च हातात आहे हे दाखवावं लागतं. राज्य विद्यापीठातही परदेशी विद्यार्थ्याला परराज्याची, म्हणजे महाग, फी पडते आणि तिथे दोन-तीन वर्षं राहिलं म्हणून एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वाल्याला सहसा स्थानिक दर मिळत नाही. खात्यातली शिल्लक, मुदत ठेव, कर्जमंजुरीचं पत्र, एवढंच चालतं. जमीन, सोनं आणि सी.ए.ने काढलेली 'नेट वर्थ' व्हिसा मुलाखतीत घरची परिस्थिती सांगायला उपयोगी, आय-20 ला नाही. पैसे पाठवताना लक्षात ठेवा : स्वतःच्या पैशातून वर्षाला 10 लाखांवर रक्कम गेली तर बँक टी.सी.एस. (पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापते. तो रिटर्न भरून परत मिळतो किंवा करात वळता होतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो कापला जात नाही.

प्रश्न : चिपळूणला बी.एस्सी. केमिस्ट्री, तीन वर्षांची, मुंबई विद्यापीठ. एका विषयात एटीकेटी होती. पीएच.डी.ला थेट अर्ज करता येईल का?

उत्तर : तीन वर्षांच्या पदवीवर बरीच राज्य विद्यापीठं अडवतात. एम.एस्सी. करा, तीन अधिक दोन असं धरून चालतं. केमिस्ट्रीत मात्र तुम्हाला एक फायदा आहे. इंजिनिअर, डॉक्टर, नर्स, सगळे होऊ घातलेले पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्री घेतात, त्यामुळे मोठ्या विद्यापीठात प्रात्यक्षिकांच्या तुकड्यांचा डोंगर असतो आणि त्या घ्यायला टीचिंग असिस्टंट लागतातच. इथे आधी प्राध्यापक गाठायची सक्ती सहसा नसते. समिती निवडते, गाईड पहिल्या वर्षात ठरतो. बोलण्याच्या इंग्रजीचा स्कोअर मात्र नीट हवा. तो कमी पडला की प्रवेश मिळूनही वर्गावर पाठवत नाहीत.

एटीकेटी लपवू नका, ट्रान्सक्रिप्टवर ती दिसते. सी.जी.पी.ए. 10 पैकी आहे तसा लिहा, 4 वर स्वतः नेऊ नका. आणि नाव जुळवा. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग तुमचं, वडिलांचं, आईचं नाव असतं. अर्जात मात्र पासपोर्टप्रमाणेच नाव भरा, नाहीतर अर्ज एका नावाने आणि कागद दुसऱ्या नावाने फिरत राहतात. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर अर्जाआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. नाहीतर व्हिसावर नावाच्या जागी 'एफ.एन.यू.' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) छापून येतं आणि बँक, लायसन्स, सगळीकडे तेच चिकटतं.

प्रश्न : ऑगस्टमध्ये जायचं आहे. गणपती करून पाचव्या दिवशी निघालं तर चालेल? — मालवण

उत्तर : चालणार नाही. आय-20 वर कार्यक्रम सुरू होण्याची तारीख असते. तिच्या आधी 30 दिवसांपासून आत जाता येतं. तारीख उलटल्यावर जायचं तर विद्यापीठाची लेखी परवानगी लागते आणि 'घरचा गणपती' हे कारण तिथे चालत नाही. असिस्टंटशिप असेल तर प्रशिक्षण सत्राच्या आठवडाभर आधीच सुरू होतं. यंदा आरती व्हिडिओ कॉलवर.

मुंबईत व्हिसासाठी बोटांचे ठसे आणि मुलाखत जून-जुलैत आली तर आदल्या दिवशीच पोचा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक आणि घाटातल्या दरडी दूतावासाला ठाऊक नसतात. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचे दोन डोस 28 दिवसांच्या अंतराने लागतात, म्हणून पहिला मे-जूनमध्येच घ्या. क्षयरोगासाठी त्वचेची चाचणी मागितली तर रक्ताची चाचणी चालेल का ते विचारा. आपल्याकडे सगळ्यांना बी.सी.जी. दिलेली असल्याने त्वचेची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते.

बॅगेत ताजा आंबा नको, तो काढून घेतात. सुके बोंबील, पाकीटबंद आंबापोळी, कुळथाचं पीठ न्या, पण विमानतळावर 'खाद्यपदार्थ आहेत' असं स्वतःहून सांगा. दंड लपवल्याचा होतो.

प्रश्न : मुलगी अलिबागहून पदवीलाच गेली आहे. म्हणते, एका वर्गात तीनशे मुलं, सर ओळखतही नाहीत. एवढी फी भरून हे असंच असतं का?

उत्तर : पहिल्या वर्षी असंच असतं. मोठ्या विद्यापीठात व्याख्यान तीनशेंचं, पण त्याच विषयाचा 'डिस्कशन'चा तास वीस-पंचवीस जणांचा असतो आणि तो टीचिंग असिस्टंट घेतो. प्राध्यापक भेटतो 'ऑफिस अवर्स'ना. आठवड्यातले ते दोन-तीन तास तो दार उघडं ठेवून बसलेला असतो आणि बहुतेक वेळा एकटाच असतो. आपल्याकडची मुलं जात नाहीत, कारण स्टाफरूममध्ये बोलावणं म्हणजे काहीतरी चुकलं अशी सवय. तिला सांगा : दुसऱ्या आठवड्यात सोडवलेलं एक गणित घेऊन जा आणि 'इथपर्यंत आले, इथे अडलं' म्हणून दाखव. पुढे शिफारसपत्र याच माणसाकडून लागतं.

पहिल्या दिवशी मिळणारा सिलॅबस म्हणजे करारच. गृहपाठाला किती टक्के, दोन मिडटर्मना किती, उशिराला किती कापणार, सगळं त्यात असतं. शेवटची परीक्षा बऱ्याचदा 30 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आदल्या रात्री अभ्यास करून वर्ष काढायची आपली पद्धत तिथे बुडते. पहिल्या मिडटर्मला आपटली तर विषय सोडायची तारीख बघावी. पण आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारून. पदवीला सत्रात 12 क्रेडिट्सच्या खाली परस्पर गेली तर व्हिसाचा दर्जाच जातो.

आणि जर्नल. इथे एकीचं जर्नल अख्खी बॅच उतरवून काढते आणि सर लाल पेनाने सही करतात. तिथे मोजमापं जोडीदाराबरोबर घेतली तरी लेखन ज्याचं त्याने करायचं. दोन अहवालांत सारखी वाक्यं निघाली तर देणारी आणि घेणारी दोघीही शिस्तसमितीपुढे. 'मी फक्त व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता' हा बचाव होत नाही.

प्रश्न : असिस्टंटशिप मिळाली आहे, तरी सोबत किती पैसे न्यावेत? — वेंगुर्ले

उत्तर : तीन ते चार हजार डॉलर. काम ऑगस्टच्या मध्याला सुरू झालं तरी पहिला पगार सप्टेंबरात हातात येतो, आणि तोवर खोलीचं डिपॉझिट, पहिलं भाडं, गादी, स्टुडंट फी हे सगळं होऊन जातं. सोशल सिक्युरिटी नंबरसाठी (नोकरी करणाऱ्याला तिथलं सरकार देतं तो क्रमांक) पोचल्यावर दहाएक दिवस थांबून, विभागाचं नोकरीचं पत्र आणि आय-20 घेऊन जा. लवकर गेलात तर तुमची नोंद त्यांच्या संगणकावर सापडत नाही. नंबर येईपर्यंत पगार थांबवायचं कारण नसतं. विभागातल्या पगाराच्या बाईंना अर्ज केल्याची पावती दाखवा.