१९१४ ची १० युआनची नोट: कृपया दाबून घेऊ नका

चुलत आजोबांच्या ट्रंकेत चीनच्या बँक ऑफ कम्युनिकेशन्सची लाल नोट निघाली, घड्या पडल्यात, आणि फ्रेमवाला ती गरम दाबून लॅमिनेट करून देतो म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात गोळा आला. देऊ नका.

माझ्याकडे १९३० ची कस्टम्स गोल्ड युनिटची (चीनमध्ये जकात भरण्यासाठी काढलेल्या चलनाची) उभी नोट होती, चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्सेन यांचा चेहरा असलेली. तुमच्या नोटेसारखीच न्यूयॉर्कच्या अमेरिकन बँक नोट कंपनीत छापलेली. जुने कागद ‘जतन’ करून देणाऱ्या एका ठिकाणी फक्त पाकिटात घालून मागितली होती. त्यांनी न विचारता ओली करून गरम प्रेसमध्ये घातली. परत आली ती एकदम सपाट; बोट फिरवलं तर नक्षी हाताला लागेना. जाब विचारला तर म्हणे, ‘घड्या गेल्या ना?’ लेखी तक्रार केली, तेव्हा नोटेचा बाजारभाव कळवून प्रकरण मिटवलं. भाव विचारलाच कोणी होता! माझा राग अजून गेलेला नाही.

या नोटांची नक्षी पोलादात खोल कोरलेली असते. कोरलेल्या रेघांत शाई भरतात, वरची पुसून घेतात आणि प्रचंड दाबाखाली कागद त्या खाचांत शिरून शाई उचलतो. म्हणून रेघ कागदावर उभी राहते. गरम प्रेसने तोच उठाव बसतो. आकड्याभोवतीची वळ्यांची जाळी तर हाताने काढलेलीच नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एसा स्पेन्सरने बनवलेल्या जिओमेट्रिक लेथच्या, म्हणजे अशी वळ्यांची नक्षी कोरणाऱ्या यंत्राच्या, जातकुळीतलं ते काम आहे. दातेरी चाकांची जुळणी बदलली की नक्षी बदलते, आणि जुळणी माहीत नसेल तर तीच नक्षी पुन्हा काढणं फार अवघड. शिवाय ठसा उलटवून घेतला की काळ्या रेघांच्या जागी शाईच्या भरीव पट्ट्यात पांढऱ्या रेघा येतात. नकल करणारे इथेच अडकायचे. चेहरा कोरणारा कारागीर वेगळा, अक्षरं कोरणारा वेगळा, लेथवाला वेगळा. मला विचाराल तर या तिघांत लेथवाल्याला कायम कमी मान मिळाला.

तुमच्या नोटेवरच्या शांघायच्या कस्टम हाउसच्या चित्रावरच थांबू नका. खोलीत अंधार करून टॉर्च नोटेच्या पातळीत आडवा धरा आणि दहापट भिंगातून कडेची जाळी बघा. रेघ कुठे जाड होते, कुठे केसाएवढी बारीक होते, ते तेव्हाच दिसतं. ऑफसेटवर छापलेली बनावट नोट अशा उजेडात सपाट पडते. स्कॅनरच्या सरळ उजेडात मात्र हा उठाव हरवतो, मोबाइलने काढलेला फोटो बरा.

मी मूल्यांकन करणारा नाही, किंमत मला विचारू नका. पण घड्या असू द्यात. पीव्हीसी नसलेलं पॉलिएस्टरचं पाकीट घ्या आणि कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाका. रबरने पुसणं, सेलोटेप लावणं, काही नको. जाळीचा आडव्या उजेडातला फोटो इथे टाकलात तर छपाई कशी आहे ते पाहून सांगता येईल.