हिबर्नियन (एडिनबराचा फुटबॉल क्लब, थोडक्यात हिब्ज) २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या सर्वोच्च लीगमध्ये शेवटून दुसरा होता, मग खालच्या विभागात कसा गेला?

शेवटच्या नंबरवर होता तो हार्ट्स, एडिनबराचाच दुसरा क्लब. दिवाळखोरीमुळे त्यांचे १५ गुण आधीच कापले होते, त्यामुळे त्यांचं जाणं जवळपास ठरलेलंच होतं. हिब्जला असली काही सबब नव्हती.

त्याच हंगामात स्कॉटलंडमध्ये प्लेऑफ पुन्हा सुरू झाले होते. शेवटून दुसऱ्या, म्हणजे ११व्या संघाला खालच्या विभागातून वर येऊ पाहणाऱ्या संघाशी दोन सामने खेळायचे, दोन्ही मिळून हरला तर खाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये टेरी बुचर मॅनेजर झाला, सुरुवात बरी होती. फेब्रुवारीनंतर मात्र संघ लीगमध्ये एकही सामना जिंकला नाही. सलग १३ सामने! माझ्या मते घात तिथेच झाला, प्लेऑफ हे फक्त निमित्त.

तरी नशिबाने संधी दिली होती. प्लेऑफमधला प्रतिस्पर्धी होता हॅमिल्टन. त्यांच्या मैदानावर पहिला सामना हिब्जने २-० ने जिंकला, दोन्ही गोल पोरसवदा जेसन कमिंग्सचे. परतीचा सामना घरी, ईस्टर रोडवर. तिथे हॅमिल्टनने लवकर एक गोल केला आणि दुसरा थेट भरपाईच्या वेळेत. दोन्ही सामने मिळून २-२ अशी बरोबरी. मग पेनल्टी, आणि त्यात ४-३ ने हार. पेनल्टी हुकवणाऱ्यांत कमिंग्सही होता, बिचारा.

बुचरची नोकरी जूनमध्ये गेली. हिब्जला वर यायला २०१७ उजाडलं. पण गंमत बघा, मधल्या काळात, खालच्या विभागात असतानाच, २०१६ मध्ये रेंजर्सला ३-२ ने हरवून त्यांनी स्कॉटिश कप जिंकला. १९०२ नंतर पहिल्यांदाच!